अर्जात गट नंबर, पत्रकात तारीख

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही आजवर बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, हुमणी आणि खोडव्याची निगा याविषयीच लिहीत आलो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहावे म्हणतो. विषय आहे कागद. तुम्ही कारखान्याला देता तो अर्ज, आणि कारखाना तुम्हाला पाठवतो ते पत्रक. 'ऊस विकास अधिकाऱ्याने उसाचं बोलावं, कागदाचं त्याला काय कळतं?' असे कोणी म्हणेल. तथापि या नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर आमचे स्पष्ट मत झाले आहे की, आपल्या भागात जेवढा ऊस पाण्यावाचून वाळतो, त्याच्या जोडीला थोडा ऊस कागदावाचूनही वाळतो. अन् पाण्याची तूट आपल्या हाती नसली तरी कागदाची तूट आपल्याच हाती आहे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. गोष्ट २०२४-२५ च्या हंगामातली. नाव-गाव सांगत नाही. आपले एक जुने सभासद आहेत, वय सत्तरीच्या घरात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचे उसाचे दोन गट. एका गटात जुलै २०२३ ची आडसाली लागवड, दुसऱ्यात जानेवारी २०२४ ची सुरू. नोंद घेताना आमच्याकडून चूक झाली आणि दोन गटांच्या लागवड तारखा एकमेकांच्या जागी पडल्या. कागदावर आडसाली ऊस सुरू झाला आणि सुरूचा ऊस आडसाली झाला.

तोडणीचा कार्यक्रम लागवड तारखेवरून व जातीवरून लागतो, हे तुम्ही जाणताच. नोव्हेंबरच्या अखेरीस टोळी आली ती थेट सुरूच्या उसात. ऊस अजून अकरा महिन्यांचाही झालेला नव्हता. आबांनी हात जोडून टोळी माघारी पाठवली. चिटबॉयने वहीत लिहिले, 'सभासदाने तोड नाकारली.' आबांनी दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. तो अर्ज आमच्यासमोर आहे. त्यातला मजकूर असा:

'मी आपल्या कारखान्याचा स्थापनेपासूनचा निष्ठावंत सभासद असून आजपर्यंत एक टिपरूही बाहेर घातलेले नाही. आमच्या वडिलांनी शेअर्ससाठी बैल विकला होता. तरी माझ्या नोंदीमध्ये झालेली चूक दुरुस्त करून माझ्यावरील अन्याय दूर व्हावा व माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

अर्जात निष्ठा आहे, वडिलांचा बैल आहे, अन्याय आहे. गट नंबर नाही. कोणती चूक, तेही नाही.

आता त्या अर्जावरचे आमचे शेरे वाचा. पहिला शेरा कार्यालयाचा: 'शेतकी विभाग – योग्य ती कार्यवाही व्हावी.' दुसरा शेरा आमचा स्वतःचा: 'गट ऑफिसने तपासून अहवाल द्यावा.' तिसरा गट ऑफिसचा: 'संबंधित सभासदाशी संपर्क साधावा.' संपर्क कोणी साधावा, कधी साधावा, याचा पत्ता नाही. अर्ज तीन टेबले फिरला, चार सह्या घेतल्या आणि जानेवारी अर्धा उलटल्यावर पुन्हा जिथून निघाला तिथे आला. तोवर टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती. आडसाली ऊस तुटला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे एकोणीस महिने पुरे करून. तुरे येऊन गेलेले, ऊस लोळलेला, कांड्या पोकळ पडलेल्या. आमचा अंदाज सोळा खेपांचा होता. भरल्या बारा.

आबा ऑफिसात आले तेव्हा ओरडले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद काढून एवढेच म्हणाले, "साहेब, म्या अर्ज दिलता. तुमच्या शिक्क्याची पोच हाय माह्याजवळ." आम्हाला उत्तर सुचले नाही. पोच होती, शिक्का होता, आवक नंबर होता. नव्हते ते फक्त काम.

चूक कोणाची? अर्जात गट नंबर नव्हता ही आबांची चूक म्हणता येईल. पण आम्हा शिकल्या-सवरल्या तिघांनी त्या कागदावर लेखणी चालवली आणि एकालाही 'आबा, कोणता गट, काय चुकलंय?' एवढे विचारावेसे वाटले नाही. नोंद चुकवली तीही आम्हीच. म्हणून आमच्या मते बारा आणे चूक आमची. नुकसान मात्र सोळा आणे त्यांचे झाले.

आता आमच्या पत्रकाकडे वळू. २०२५ च्या पावसाळ्यात लागवड नोंदीसाठी जे पत्रक निघाले त्याचा मसुदा आम्हीच केला होता. मोठ्या हौसेने लिहिले होते:

'सर्व संबंधित ऊस उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की, आगामी गळीत हंगामाकरिता आपल्या ऊस लागवडीच्या नोंदी विहित मुदतीत व विहित नमुन्यात न करणाऱ्या सभासदांच्या उसाच्या गाळपाची कोणतीही जबाबदारी कारखाना प्रशासनावर राहणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'

पत्रक गट ऑफिसात लागले, सोसायटीच्या भिंतीवर लागले, मोबाईलवरही फिरले. मुदत संपली. त्यानंतर पाचव्या दिवशी एक सभासद भगिनी आल्या. पती वारल्यावर शेअर्स त्यांच्या नावावर झालेले. आम्ही सांगितले, "मावशी, मुदत सरली." त्यांनी मोबाईल पुढे केला अन् म्हणाल्या, "मुदत कधी सरली ते ह्याच्यात कुठं लिव्हलंय तेवढं दावा."

आम्ही ते पत्रक वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. तारीख कुठेच नव्हती. 'विहित मुदत' होती. मुदत काय ते लिहायचे आम्ही विसरलो होतो आणि सही करणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानी आले नाही, कारण पत्रक कसे भारदस्त झाले होते! त्यांची नोंद आम्ही लगेच घेतली. परंतु ज्या सभासदांनी येऊन विचारले नाही, ज्यांना वाटले असेल की आपल्यालाच वाचता आले नाही, त्यांचे काय झाले असेल, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या परभणी जिल्ह्याला या दुखण्याची जुनी ओळख आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दरबारची व कचेरीची भाषा उर्दू. आजही कित्येक घरांत मुंतखबाचे किंवा जुन्या पाहणीचे कागद ट्रंकेत जपून ठेवलेले आहेत आणि ते वाचायला उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागतो. जमीन आपली, घाम आपला, पण कागद परका. पुढे १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. आपल्या वडीलधाऱ्यांना वाटले, आता कागद आपला झाला.

भाषा मराठी झाली, हे खरे. ती सोपी झाली का? हुद्द्यांना मराठी नावे देणारा शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा त्यातल्या जड शब्दांवरून आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली. त्यातले कित्येक शब्द पुढे रुळले, हेही मान्य केले पाहिजे. शब्द नवा असला म्हणून बिघडत नाही. बिघडते ते तारीख, जागा, माणूस आणि काम या चार गोष्टी शब्दांच्या आड दडल्या म्हणजे. आजोबांना उर्दू कागद वाचून दाखवायला मुन्शी लागत होता. नातवाला आमचे मराठी पत्रक समजून सांगायला चिटबॉय लागतो. मग फरक काय पडला?

आमच्या मराठी कारभाराची परंपरा अशी नव्हती. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि चौदाशेच्या आसपास फारसी-अरबी शब्दांना पर्याय दिले, हे आपण शाळेत शिकलो. त्याहून आम्हाला मोलाचे वाटते ते राज्याभिषेकाच्या सुमाराचे, १६७४ चे, चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना धाडलेले पत्र. आजच्या भाषेत ते कार्यालयीन परिपत्रकच म्हणायचे. त्यात 'योग्य ती काळजी घ्यावी' अशी मोघम भाषा नाही. दाणा-वैरण आताच बेहिशेबी उधळली तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील. मग तुमचे लोक रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला उचलतील आणि रयत तुम्हाला शत्रूपेक्षा वाईट समजेल, असे सगळे उलगडून सांगितले आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत तपशील आहे. राज्याचा धनी उंदराची आणि वातीची गोष्ट लिहितो, कारण ते पत्र वाचणारा हवालदार त्यावरून नेमके काय करायचे ते समजणार असतो. ज्याला काम करायचे आहे, त्याच्या डोळ्यांपुढे काम उभे करणारा कागद आम्ही चांगला समजतो.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, इंग्लंडवर विमानांचे हल्ले होत असताना पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक टिपण पाठवले होते. त्याचा विषय युद्ध नव्हता. अहवाल थोडक्यात लिहा, मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, आकडेमोड वेगळी जोडा, हा होता. ज्याच्या राजधानीवर संकट घोंघावत होते त्याला यासाठी वेळ काढावासा वाटला. मग आपल्याला गळिताच्या घाईचे कारण सांगता येणार नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, "साहेब, सोपं लिहिलं तर उद्या कोर्टात कोणी अडकवलं तर? कायद्याची भाषा पाहिजे." हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. परंतु कायदा स्वतः कसा बोलतो ते पाहा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर उशिराबद्दल सालीना १५ टक्के व्याज. २००५ चा माहितीचा अधिकार म्हणतो, ३० दिवसांत माहिती द्या. जिथे माणसाच्या हक्काचा प्रश्न येतो तिथे कायदा 'विहित मुदत' म्हणून थांबत नाही, दिवस मोजून देतो. कायद्याला आकड्याची लाज नाही, ती आपल्यालाच का असावी? आकडा लिहिला की आपणही बांधले जातो, ही खरी अडचण आहे. मोघम लिहिणे हे पुष्कळदा अज्ञान नसते, ती पळवाट असते. हे आम्ही दुसऱ्यांवर बोट ठेवून म्हणत नाही. 'तपासून अहवाल द्यावा' हा शेरा आमच्याच अक्षरात आहे.

दुसरीकडे, 'सभासद अडाणी, त्यांना अर्ज लिहिता येत नाही,' हे बोलणेही आम्हाला मान्य नाही. हाच सभासद पाटबंधारे खात्याचा पाणी मागणीचा नमुना नंबर ७ बरोबर भरतो. कारण तो नमुना गट कोणता, पीक कोणते, क्षेत्र किती, असे सरळ विचारतो. विचारले की आपला माणूस सांगतो. कोऱ्या कागदापुढे बसवले की तो बिचारा घाबरतो आणि बाजारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून 'सहानुभूतीपूर्वक' लिहून आणतो. म्हणून अर्जाचा छापील नमुना प्रत्येक गट ऑफिसात असावा, ही आमची पहिली मागणी. तो होईपर्यंत साध्या कागदावर एवढे लिहिले तरी पुरे:

१. आपले नाव, गाव, सभासद क्रमांक आणि मोबाईल नंबर.
२. गट नंबर व त्यातील उसाचे क्षेत्र. दोन गट असतील तर कोणत्या गटाबद्दल अर्ज आहे ते.
३. उसाची जात व लागवड तारीख. खोडवा असल्यास आधीचा ऊस तुटल्याची तारीख.
४. काय झाले आहे, ते एका वाक्यात. काय करून पाहिजे, ते दुसऱ्या वाक्यात.
५. किती दिवसांत झाले नाही तर काय नुकसान होईल. विहिरीचे पाणी कधीपर्यंत पुरेल, हेही लिहा.

विषयाच्या ओळीत 'उसाबाबत' असे लिहू नका. आमच्याकडे येणारा प्रत्येक अर्ज उसाबाबतच असतो! 'गट नंबर अमुक मधील लागवड तारीख दुरुस्त करणेबाबत' असे लिहिले की अर्ज उघडण्याआधीच निम्मे काम होते. आणि वडिलांनी बैल विकून शेअर्स घेतले, ते अवश्य लिहा. तो तुमचा मान आहे आणि तो आम्ही विसरता कामा नये. फक्त ते शेवटी लिहा, गट नंबर आधी.

मोबाईलचेही असेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर झाला, तेव्हा आम्हाला दिवसरात्र फोटो येत होते. पाण्यात उभा ऊस, खाली दोन शब्द: 'साहेब बघा.' काळीज हलले, पण शिवार कोणते, गट कोणता, पाणी किती दिवसांपासून, काही कळेना. शंभर फोटोंत पाण्यातला ऊस सारखाच दिसतो. फोटोखाली नाव, गाव आणि गट नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्याने माणूस कुठे पाठवायचा ते आम्हाला त्याच क्षणी कळते.

आता आमच्या घरचे. लागवड नोंदीचे तेच पत्रक आज लिहायचे झाल्यास आम्ही असे लिहू: 'उसाची नोंद ३१ ऑगस्टपर्यंत आपल्या गट ऑफिसात करा. येताना सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणा. नोंदीची पावती घ्या. पावतीवरील गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागवड तारीख तिथेच वाचून पाहा. चूक असल्यास त्याच दिवशी सांगा. अडचण आल्यास गट प्रमुखांना भेटा.' यात एकही भारदस्त शब्द नाही, तरी कारखान्याची इभ्रत काही कमी होत नाही.

मा. संचालक मंडळाकडे आम्ही नम्रपणे पण आग्रहाने तीन गोष्टी मागतो. एक, तारीख, जागा आणि जबाबदार माणूस यांवाचून कोणतेही पत्रक बाहेर पडू नये. दोन, पत्रक छापण्याआधी ते एका सभासदाला व एका चिटबॉयला वाचायला द्यावे आणि 'यातून काय कळलं?' असे विचारावे. त्यांना न कळल्यास पत्रक नापास. तीन, अर्जावर 'योग्य ती कार्यवाही' हा शेरा बंद व्हावा. शेऱ्यात कोणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेच पाहिजे. तिसऱ्या गोष्टीसाठी आम्ही मंजुरीची वाट पाहिलेली नाही. आमच्या टेबलावर ती सुरू केली आहे. सुरुवातीला हात अडखळतो. तारीख लिहिताना मनात येते, 'झालं नाही तर?' पण ती भीतीच काम करून घेते, असा थोड्या दिवसांचा अनुभव आहे.

कागदी घोडे नाचवू नयेत, असे आपण म्हणतो. आमचे म्हणणे एवढेच की, कागदाला घोडा करायचाच असेल तर त्याला नाल ठोकून, कुठे जायचे ते सांगून सोडावा. सहकार हा शेवटी विश्वासाचा धंदा आहे. सभासद आपला वर्षा-दीड वर्षाचा घाम एका पावतीच्या भरवशावर आपल्या हवाली करतो. ती पावती खोटी ठरली, पत्रक मोघम निघाले, अर्ज भिजत पडला, तर उद्या तो ऊस दुसऱ्या गव्हाणीत जाईल आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आबांनी पुढच्या लागवडीची नोंदही आपल्याच कारखान्याकडे केली. पावती हाती पडल्यावर ते गेले नाहीत. चष्मा लावून दोन्ही गट नंबर व दोन्ही तारखा मोठ्याने वाचल्या आणि आमच्याकडून बरोबर असल्याचे वदवून घेतले. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी कुरकुरलेही. आम्ही म्हटले, "थांबा जरा, वाचू द्या त्यांना." प्रत्येक सभासदाने आपली पावती अशीच वाचावी आणि आम्हालाही वाचायला लावावी, ही विनंती.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी